खालच्या काकांमार्गे

पिकतं तिथे विकत नाही, हे सुनेला सासरी आल्यावर पक्कं कळलं. तिने एक ॲप बनवलं होतं. टॉवर नको, इंटरनेट नको. एका फोनने शेजारच्या फोनला निरोप द्यायचा, त्याने पुढच्याला, असं करत निरोप गल्लीच्या टोकाला. वाट कुणी आखून द्यायची नाही, फोनच आपसात ठरवतात. औषधवाल्याकडे कुठली गोळी शिल्लक आहे, दवाखान्यातली नर्सबाई मोकळी आहे का, सगळं घरबसल्या विचारायचं. गल्लीतल्या चार-पाच जणांनी भिडेखातर ते फोनमध्ये घेतलं होतं, वापरत कुणीच नव्हतं.

"म्हणजे जिन्यातल्या गप्पांसारखं," सासूबाई म्हणाल्या. "त्याला ॲप कशाला? मी आहे की."

"आणि टॉवर उभा असताना हे वापरणार कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

टॉवरने ते ऐकलं असावं. शनिवारी दुपारी असा काही वारा सुटला, की टॉवर विजेच्या तारा गळ्यात घेऊन भर रस्त्यात आडवा झाला. तारा जिवंत होत्या. वीजवाले येईपर्यंत कुणी उंबरा ओलांडू नका, असं एक पोलीस भोंग्यावरून ओरडून गेला. नवरा गावाला गेलेला. आणि तारखेला अजून अवकाश असताना, बाळंतपणाला माहेरी आलेल्या नणंदेला नेमका हाच मुहूर्त धरून कळा सुरू झाल्या.

"वहिनी," तिने सुनेचा हात करकचून धरला, "तुझं ते ॲप खरंच चालतं का गं?"

"चालतं म्हणजे काय, पळतं!" सून म्हणाली. खरं काय ते तिलाही आजच कळणार होतं.

तिने फोनवर बोलून निरोप सोडला. देवाला फुलं वाहावीत तसा. काही वेळाने टिंग झालं आणि नर्सबाईंचा आवाज आला, "घाबरू नका. हात साबणाने धुवा, स्वच्छ टॉवेल काढून ठेवा. रस्ता मोकळा झाला की मी येतेच, तोवर विचारत राहा." सुनेला रडूच आलं. आपण केलेल्या गोष्टीचा उपयोग होतो, हे तिला इतक्या जवळून कधी दिसलंच नव्हतं.

निरोप कुठून गेला हे स्क्रीनवर दिसत होतं. आतल्या खोलीतून सासऱ्यांच्या फोनवर, तिथून समोरच्या शिंप्याकडे, मग औषधवाला, मग दवाखाना. जो फोन कमी हलतो आणि ज्याची बॅटरी भरलेली असते, त्याला ॲप आधी पसंत करायचं. सासरे निवृत्त झाल्यापासून खिडकीतल्या खुर्चीत असायचे, खिशात फोन, फोनला चार्जर. त्यांच्याइतकं स्थिर गल्लीत फक्त पाण्याची टाकी होती, पण तिच्याकडे फोन नव्हता.

"बाबा, हलू नका!" सून आतून ओरडली. "सगळं तुमच्यावर आहे!"

सासऱ्यांना असं कुणी बऱ्याच वर्षांत म्हटलं नव्हतं. ते ताठ बसले. "अख्ख्या गल्लीचा कारभार माझ्या खिशातून चाललाय," ते बायकोला म्हणाले. "चहा टाक."

सासूबाईंनी टाकला. मग पुन्हा टाकला. मग कौतुकाने आणखी एकदा टाकला.

"सूनबाई, मला जरा उठायचं होतं..."

"बाबा, आत्ता नाही!"

"अगं पण माणूस आहे मी!"

आत बाळ आलं. आलं, पण रडलं नाही. निळसर, गप्प. "बाळ झालं, रडत नाही, काय करू?" सुनेने निरोप सोडला. त्याच क्षणी बाहेर संडासाची कडी वाजली आणि पाठोपाठ पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

स्क्रीनवर अक्षरं उमटली: वाट शोधत आहे.

"अहो, काय पडलं?" सासूबाई दार बडवत होत्या.

"फोन. बादलीत."

"तो खुर्चीवर ठेवून जायचं ना! हलू नये ते फोनने, तुम्ही नाही!"

आतून खोल आवाज आला, "हे आधी कुणी बोललं नाही."

सुनेलाही ते सुचलं नव्हतं, आणि ॲप तिचंच होतं. पण आता कपाळाला हात लावायलाही वेळ नव्हता. स्क्रीनवरचं चाक फिरत होतं. बाळ गप्प होतं. नणंद विचारत होती, "रडत का नाही? वहिनी, रडत का नाही?"

टिंग.

"कोरड्या टॉवेलने पुसा, पाठ चोळा, चांगली चोळा. नाळ कापू नका. आईच्या अंगावर ठेवा, वर पांघरूण घाला."

सुनेने पुसलं, चोळलं. बाळाने तोंड वाकडं केलं, एक आचका दिला आणि असं काही भोकाड पसरलं, की बाहेर सासू-सासरे एकमेकांच्या गळ्यात पडले.

मग निरोप कुठल्या वाटेने आला, ते सुनेने स्क्रीनवर पाहिलं. तिच्या फोननंतर एका फोनचं नाव होतं: 'खालचा त्रासलेला माणूस'. खालच्या मजल्यावरचे काका! वरच्या कुंड्यांचं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं म्हणून त्यांनी या घराशी बोलणं टाकलं होतं. फोनचं नावही त्याच रागातून ठेवलेलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तेच काका, हातात फोन.

"रडणं ऐकू आलं. सगळं ठीक ना?"

"काका, तुमच्यामुळे वाचलं हो बाळ!" सुनेने हात जोडले. "तुम्ही ॲप घेतलंत, आम्हाला माहीतच नव्हतं!"

"घेतलं होतं ते किती फालतू आहे हे दाखवायला," काका पुटपुटले. "काढून टाकायचं राहिलं."

सुनेच्या हातातल्या फोनवर पुन्हा चाक फिरायला लागलं. "काका, खाली जा! तुम्ही वर आलात की वाट तुटते! बाळामागची वार अजून पडायची आहे, नर्सबाईंना विचारायचंय!"

"घ्या! चौकशीला आलो तर हाकलतायत," म्हणत काका जिना उतरले, पण धावत.

सासूबाई गॅलरीतून वाकल्या. "अहो भावजी, मुलगी झाली! नर्सबाई येईपर्यंत तेवढं तिथेच राहा हं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडाफेडीचं नंतर बघू," खालून आवाज आला. "आत जा, पोरीकडे बघा."

संध्याकाळी वीजवाल्यांनी तारांतली वीज बंद केली आणि नर्सबाई आल्या. त्यांनी मायलेकींना तपासलं, सुनेच्या पाठीवर थाप दिली. सून खाली गेली. काकांचं दार उघडंच होतं. ते खिडकीशी स्टुलावर बसले होते, आणि फोन कठड्यावर न ठेवता दोन्ही हातांत धरला होता.

"आता हललो तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल, काका. वर चला ना, बाळ बघायला."

काका उठले, गुडघे चोळले आणि कपाट उघडलं. "थांब, शर्ट बदलतो. पहिल्यांदाच भेटतोय तिला."