लेकीची जागा

सोमवारी दुपारी मी आमच्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत जाऊन बसते, याचा गल्लीभर बोभाटा झालाय. शेजारची हेमावती तर तोंडावर म्हणाली, "गुरम्मा, पन्नाशी उलटली की लोकं देवळात जात्यात. तुमी मसनात?" म्हटलं, "देवळात तुझ्यासारख्या भेटतात की गं. तितं कुणी डोकं खात न्हाय."

ते काही खोटं नव्हतं. मला तिथं खरंच बरं वाटतं. जुन्या दगडांवरची कानडी अक्षरं निम्मी झिजलीत, पण मी कानडी मुलखातल्या मैंदर्गीची, बोट फिरवून वाचते. कुणी पेठेतला अडत्या, कुणाची धाकटी बायको. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. तिथं गेलं की वाटतं, सगळी मंडळी खाली निवांत मांडी घालून बसलीत.

पण मी काही दगड वाचायला जात नव्हते. लेकीला हुडकायला जात होते.

अडतीस साली झाली ती, आणि अकराव्या दिवशी गेली. मी बाळंतिणीच्या खोलीत. सासरे, दोन दीर आणि मालक, चौघं तिला घेऊन गेले. परत आल्यावर विचारलं, "कुठं ठेवलं?" तर सासूच मधे बोलली, "बाळंतिणीनं विचारू नये. पुढचं पोर लाभत नाही." पुढचं पोर तसंही लाभलं नाही, ते सोडा. नंतर मालकांना कधी विचारलं की ते उठून दुकानात जायचे. सासू-सासरे, दीर आधीच गेलेले, चार वर्षांमागं मालकही गेले. आता सांगणारं कुणी उरलं नाही, आणि तान्ह्या पोरांची नोंद कोण ठेवतंय?

मग मीच ठरवून टाकलं. मागच्या भिंतीजवळ लिंबाखाली वीतभर उंचीचा एक दगड होता, नाव नाही, गाव नाही. म्हटलं, हीच माझी लेक. कशावरून? कशावरूनच नाही. दोन वर्षं मी त्या दगडाला पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. भाजी खारट झाली तरी तिलाच सांगायची.

गेल्या सोमवारी जाऊन बघते तर दगडापाशी एक म्हातारी फतकल मारून बसलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण गं तू? ऊठ तितनं!"

तिनं वळून बघितलं. डोळे भरलेले होते. "माझं पोरगं हाय हितं, अक्का. मी निंगव्वा, मंगळवेढ्याची. तवा हितं गिरणीत होते. नवरा परागंदा, न्यायला कुणी न्हवतं. मग मीच पदरात घालून आणलं. खड्डा मीच खणला, दगूड बी मीच लावला." मग दगडावरून हात फिरवत म्हणाली, "कुण्या पुण्यवान बाईनं इभूत लावलीया बगा. मला वाटायचं, एकटंच पडलं आसंल."

ती बाई मीच, हे माझ्या तोंडातून फुटेना. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. जीव जळला नुसता. तिला न्यायला कुणी नव्हतं, म्हणून तिला जागा ठाऊक. माझ्या दारात चार-चार गडी उभे होते की!

"तुमचं कोण हाय हितं?" तिनं विचारलं.

"लेक."

"कुटं?"

"ठाऊक न्हाय गं," म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. छत्तीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

निंगव्वानं माझा दंड धरला. "उटा. हुडकू."

"काय हुडकायचं? खूण न्हाय, काय न्हाय."

"नसू दे की. बारक्यास्नी भिंतीकडंच ठेवत्यात."

आम्ही दोघी भिंतीकडेनं निघालो. ती काटं बाजूला सारायची, मी वाकून बघायची. प्रत्येक लहान उंचवट्यापाशी थांबून ती विचारायची, "ही आसंल?" मी बघत राहायची. हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. तिची चारची एस.टी. गेली, तरी ती हलली नाही.

भिंत संपली. निंगव्वा दमून खाली टेकली. "कुटंतरी एका जागी व्हय म्हणा की, अक्का," ती म्हणाली.

मला 'व्हय' म्हणता आलं नाही.