माझी घासलेली कड

मी एक नाणं बोलतोय. खिशात खुळखुळणारं नव्हे, पत्र्याच्या डबीत शर्टाच्या जुन्या बटणांबरोबर पडून राहिलेलं. माझ्याविषयी आजवर पुष्कळ जण बोलले. मला मात्र कुणी विचारलं नाही.

माझा जन्म टांकसाळीतला, अगदी अस्सल. कोऱ्या चकत्या यंत्राखाली सरकत होत्या. माझ्या वेळी चकती नीट बसली नाही आणि ठसा बाजूला आदळला. चित्र एका अंगाला सरकलं, दुसऱ्या अंगाला नखाएवढी कोरी कड बाहेर राहिली. तपासणाऱ्या माणसाला नेमकी तेव्हाच जांभई आली असावी, कारण मी बिनबोभाट बाहेर पडलो.

फिरत फिरत बोटीच्या धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत पोचलो. बोट सुटायची घाई होती. खिडकीतल्या माणसानं मला न बघताच गल्ल्यात टाकलं. त्या दिवसांत धक्क्यावर खोटी नाणी सापडत होती आणि तिथल्या साहेबांना त्याचा ठपका कुणावर तरी ठेवायचा होता. त्यांनी गल्ला उघडला, तर पहिला मीच हाताला लागलो.

"ही कड बघा! घरी कारखाना काढलाय वाटतं?"

"साहेब, हे खोटं नाही हो. छापताना हुकलंय."

साहेबांनी मला टेबलावर आपटलं. "घेऊन जा हे तुझं. उद्यापासून येऊ नकोस."

खिडकीतला तो माणूस मला घेऊन घरी गेला आणि पुढे लाकडाच्या वखारीत ओझी उचलू लागला. गल्लीनं त्याचं नाव 'खोट्या' ठेवलं. माणसांना एखाद्याची अब्रू गेलेली बघायला फार आवडतं, हे मी तेव्हा शिकलो. तो मात्र अधूनमधून मला तळहातावर घेऊन बायकोला म्हणायचा, "एक दिवस कुणीतरी जाणकार भेटेल. बघशील तू."

एका दुपारी त्यांची मुलगी शाळेतून रडत आली. पोरी तिला 'खोट्याची पोर' म्हणाल्या होत्या. नवरा वखारीत होता. बाईनं मला उचललं, मागच्या दाराच्या दगडी पायरीवर बसली आणि माझी ती कोरी कड त्या दगडावर घासू लागली. मला दुखलं. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावरच पडत होतं, मग मी तक्रार कुणाकडे करायची? तिचा हिशेब साधा होता. मी चारचौघांसारखा दिसलो की बाजारात खपेन, घरातली पीडा जाईल. पण भाजीवाल्यानं मला उलटसुलट करून परत दिलं. तिनं मला डबीच्या तळाशी दडवलं. पायरीवर चर कसला पडला, असं नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "सुरीला धार लावत होते." मला बघितलं की घरात वाद होतो, म्हणून पुढे त्यानंही डबी उघडणं सोडलं.

वर्षं गेली. म्हातारा आजारी पडला, डॉक्टरांनी हात टेकले. जायच्या आधी बाबांना कुणीतरी 'तुमचं खरं होतं' असं सांगावं, एवढंच मुलीच्या मनात होतं. तिनं डबीतून मला काढलं आणि बाबांना हाताला धरून जुन्या नाण्यांच्या पारख्याकडे नेलं.

पारख्यानं मला काट्यावर ठेवलं, भिंगाखाली फिरवलं. माणूस प्रामाणिक होता.

"आजोबा, टांकसाळीतली चूक असेलही. पण ती जिथं दिसली असती तिथंच कुणीतरी घासलंय. वजन भरत नाही, ठसाही झिजलाय. आता मी खरं म्हणू शकत नाही."

"बाबांनी कधीच घासलं नाही हे!" मुलगी तडकली.

म्हाताऱ्यानं भिंग मागून घेतलं. माझ्या कडेवरचे ओरखडे बघता बघता त्याचा हात थांबला. त्याला पायरीवरचा चर आठवला असणार. त्यानं भिंग खाली ठेवलं. मग मुलीला म्हणाला, "चल. घरी मी बोलेन. तू मध्ये पडू नकोस."

म्हातारी दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

"खोटं निघालं गं. ठसाच नकली."

"आणि... कडेचं काही बोलला?"

"कडेकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही."

मुलीनं मान फिरवली. म्हातारीनं श्वास सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि त्याला आधार देऊन खाटेवर बसवलं. "जाऊ द्या. माणूस फसतो कधीतरी," ती त्याची समजूत काढत म्हणाली. जन्मभर मला खरं म्हणणारा तो माणूस मान हलवत राहिला.

थोड्याच दिवसांत तो गेला. गल्लीत त्याचं नाव अजून तेच आहे.

मी पुन्हा बटणांत आहे. मी खरा आहे, हे तुम्हाला सांगितलं, माझं मन हलकं झालं. एवढंच मागतो: कधी ही डबी तुमच्या हाती आली, तर मला कुठल्या मोठ्या पारख्याकडे नेऊ नका. ती म्हातारी आहे तोवर मला खोटंच राहू द्या.