वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

बुकित बातोकच्या कारखान्यांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सेंगचं गॅरेज आहे. तिथे पद्माकरने नऊ वर्षं एकाच गाडीवर घालवली. १९६८ सालची मस्टँग, आठ सिलिंडरची, कधीकाळी ऑस्ट्रेलियात स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलेली. आणली तेव्हा तिचा तळ हाताने तुकडे पडावेत इतका गंजला होता. शनिवारी सकाळी तो डबा घेऊन जाई आणि संध्याकाळी पेट्रोलचा वास घेऊन परत येई. त्याच्या बायकोला, विभाला, गाडीबद्दल एवढंच ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

गेल्या वर्षी गाडी चालू झाली, पण एक खोड राहिली. वीस मिनिटं झकास पळायची आणि मग कुणी चावी फिरवावी तशी बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू. पद्माकर महिनोन्‌महिने त्या खोडीच्या मागे होता. जेवताना मध्येच थांबून ताटात बघत बसायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी नाश्त्याच्या वेळी तो म्हणाला, "विभा, सापडलं गं. इतकं साधं होतं." मग दोनेक मिनिटं तो समजावून सांगत होता. विभा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेब बघायची. तिमाही संपत आली होती आणि फोनवर एकामागून एक निरोप येत होते. ती "हं" म्हणाली. बहुतेक दोनदा म्हणाली. तासाभराने पद्माकर बाथरूमच्या दारात कोसळला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्याला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकच शब्द उरला होता, "चहा". खिडकी लावायची असली तरी चहा, पाठ दुखत असली तरी चहा. विभा एकेक वस्तू दाखवून विचारायची आणि तो मान हलवायचा. कधीकधी त्याला काय हवं होतं ते रात्रीपर्यंत कळायचं नाही.

पाचव्या महिन्यात ती त्याला व्हीलचेअरवरून गॅरेजमध्ये घेऊन गेली. सेंगने खाली वाकून त्याचा डावा हात हातात घेतला. मग दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं की कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, तरी गाडी वीस मिनिटांनी बंद पडतेच.

पद्माकरने गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. सेंगने डिकी उघडली. नाही. टाकी का, असं विचारलं, तेव्हा पद्माकरचा चेहरा उजळला. पण सेंग टाकी रिकामी करायला लागल्यावर तो जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला. विभाने वही-पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्याने एक वाकडा गोल काढला आणि तो गिरवत राहिला. सेंगने गॅरेजमधली एकेक गोल वस्तू त्याच्यासमोर धरली: पुली, फिल्टर, वॉशर, पाइपचा क्लॅम्प. सातव्या की आठव्या वस्तूला पद्माकरने वही भिरकावून दिली. मग तो रडायला लागला. दवाखान्यातही तो असा रडला नव्हता. सेंग पाठ फिरवून उगाच हात पुसत राहिला.

निघायच्या वेळी पद्माकरने गाडीच्या दाराचं हँडल पकडलं, ते सोडेना. इथल्या नियमाप्रमाणे अशा जुन्या गाड्या वर्षातून मोजकेच दिवस रस्त्यावर आणता येतात. सेंगने पुढच्या शनिवारचा दिवस ठरवला.

त्या शनिवारी सेंगने गाडी लिम चू कांगच्या सरळ रस्त्यावर घेतली. पद्माकर पुढे बसला होता, विभा मागे. इंजिनाच्या आवाजाने तिची सीट थरथरत होती. पद्माकर डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरत होता आणि विभाला पहिल्यांदाच वाटलं, नऊ वर्षांत एकदा तरी आपण यायला हवं होतं. मग आवाज तुटला. गाडी आपल्या वेगाने घरंगळत कडेला आली आणि थांबली.

सेंग टो-ट्रकला फोन करायला आणि मागे धोक्याचा लाल त्रिकोण ठेवायला उतरला. आत ऊन साचलं होतं. विभा पुढे सरकली आणि सीटच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, काय बिघडलंय ते. मी ऐकलंच नाही. एक शब्दही आठवत नाही मला."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पद्माकरने कष्टाने मान वळवली. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"चहा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, पुन्हा, "चहा."

तो रागावला होता की जाऊ दे म्हणत होता, का पुन्हा तो बिघाडच सांगत होता, तिला कळलं नाही. तिने खूप वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तरी कळलं नाही.

ट्रक आला. ड्रायव्हरने विचारलं, काय झालंय. सेंगने खांदे उडवले. डिकीतली व्हीलचेअर काढून पद्माकरला तिच्यात बसवलं, मग साखळ्या लावून गाडी वर चढवली. ट्रकच्या केबिनमध्ये एकाचीच जागा होती, म्हणून सेंग गाडीबरोबर गेला. या दोघांसाठी टॅक्सी मागवली होती. पहिल्या ड्रायव्हरने ती रद्द केली.

ट्रक दिसेनासा होईपर्यंत पद्माकर बघत होता. विभाने त्याच्यावर छत्री धरली. बाजूने एक मोठा डंपर गेला, तशी वाऱ्याने छत्री उलटी झाली. तिने ती सरळ केली आणि त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. फोनवर दुसरी टॅक्सी अकरा मिनिटांवर दिसत होती.