कुणाच्याच घरचं नसलेलं ठिगळ

धरणाच्या पाण्यानं कोळझरी गिळली त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. नवं गाव मुधोळच्या अंगाला, उघड्या माळावर वसवलं होतं. सरकारी माणसांनी चुन्याच्या रेघा मारून दिल्या आणि त्या रेघांच्या आत पत्र्याच्या छपरांची एकसारखी घरं उभी राहिली. सुरुवातीला माणसं आपलंच घर चुकायची. पाण्याची घागर घेऊन शेजारच्या चुलीशी जाऊन बसायची नि मग ओशाळून उठायची.

चंपाबाईच्या घराला मात्र खूण होती. तिनं दारावर चिंध्यांचं तोरण बांधलं होतं. जुन्या कोळझरीत पंचवीस वर्षं तिनं गोधड्या शिवल्या होत्या. कुठल्या घरात पोर जन्मलं, कुठल्या घरातली लेक सासरी निघाली, हे तिला दवंडीआधी कळायचं, कारण जुन्या लुगड्यांचं बोचकं आधी तिच्या ओट्यावर यायचं. बारीक धावदोरा, चार बोटांच्या अंतरावर दुसरी ओळ, आणि कोपरा कधी उसवायचा नाही, अशी तिची ख्याती होती.

होळी झाली आणि धरणावरच्या ओव्हरसियरची बायको जीप थांबवून तिच्या दारात उतरली. गावात सगळे तिला दोरसानी, म्हणजे बाईसाहेब, असंच म्हणत. तोरण हातात धरून तिनं उलटंसुलटं पाहिलं नि म्हणाली, "अम्मा, ऐसा पूरा घर का होना. एक जैसा."

एक मोठी गोधडी, दोन उशांचे अभ्रे, दाराचा पडदा, रेडिओवर घालायचं झाकण आणि एक तोरण. सगळं एका मेळाचं. चंपाबाईनं अशी मागणी आजवर ऐकली नव्हती. पण मनातून ती हरखली. माळावर आल्यापासून कुणी नवी गोधडी सांगितलीच नव्हती. लोकांनी अजून जुनीच बोचकी सोडली नव्हती.

तिनं घरोघर फिरून चिंध्या मागितल्या. बायांनी हात आखडता घेतला नाही. कुणी धोतराचं पान दिलं, कुणी मेलेल्या सासूचं हिरवं लुगडं दिलं, कुणी नवऱ्याची फाटकी बंडी. चंपाबाई ओसरीत फरशीवर सगळं पसरून बसली. हे रुक्मामावशीच्या घरचं, हे मनकर्णेच्या लेकीचा परकर, असं करत करत तिनं तुकडे वेगळे केले. प्रत्येक तुकड्याला घर होतं.

एकाच तुकड्याला नव्हतं.

तळहाताएवढा, निळा, त्यावर पांढऱ्या बुंदक्या. कापड तिनं कुठंतरी पाहिलेलं होतं. नाव जिभेच्या टोकावर आलं आणि मागं फिरलं. तिनं तो तुकडा उचलला तर तो ओलसर लागला. बाहेर चैताचं ऊन पत्रा तडतडवत होतं, आणि हा ओला. तिनं तो वळचणीला खोचून ठेवला नि कामाला लागली.

गोधडी वीस दिवसांत झाली. शेवटचा टाका घालून, दोरा दातानं तोडून तिनं ती उन्हात टाकली. दुपार कलल्यावर आणायला गेली तर डाव्या कोपऱ्यात तो निळा तुकडा होता. टाके तिच्याच हातचे. चार बोटांचं अंतर, बारीक धावदोरा. ती स्वतःशीच म्हणाली, विसरले असेन. वय झालं आता. गोधडी तापून कडक झाली होती, तेवढा तुकडा सोडून.

मग उशीचे अभ्रे झाले. दोन्हींवर निळा तुकडा. वळचणीत पाहिलं तर तिथंही तो होताच, तेवढाच, तळहाताएवढा.

चंपाबाईनं कात्री घेतली आणि दोन्ही अभ्रे उसवले. तुकडे काढून दूर उकिरड्यावर टाकून आली. दुसऱ्या तुकड्यांनी अभ्रे पुरे केले, दोनदा तपासले, घडी घालून पेटीत ठेवले. पडदा शिवायला घेतला तेव्हा घडी उघडायची तिला हिंमत झाली नाही. तरी एका सकाळी उघडलीच. निळ्यावर पांढऱ्या बुंदक्या. हात लावला तर बोटांना गार पाणी लागलं. वास घेतला तर नदीच्या गाळाचा.

नवरा नागोराव बैलांना पाणी पाजून येत होता. तिचा चेहरा पाहून थबकला.

"काऊन वं? काय झालं?"

"हे कापड कोणाचं हाय, ओळखता?"

नागोरावनं अभ्रा हातात घेतला. बराच वेळ पाहत राहिला. मग तो परत तिच्या हातात देत, दुसरीकडं पाहून म्हणाला, "मले काय मालूम बायांच्या कपड्याचं." आणि बैलांकडं परत गेला. बैल तर नुकतेच पाणी प्याले होते.

पडदा झाला. त्यावरही तो आला. रेडिओच्या झाकणावर आला. तोरणात लहान लहान त्रिकोण असतात, त्यातल्या मधल्या त्रिकोणात आला. एकूण सहा वस्तू आणि सहा तुकडे, आणि वळचणीतला सातवा जसाच्या तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई अभ्रा पदराखाली घेऊन बोरिंगवर गेली. बाया रांगेत होत्या. तिनं अभ्रा उघडला नि मनकर्णेपुढं धरला.

"हा तुकडा तुमच्या बोचक्यातला का वं?"

"नाई बा. आमच्याकडं निळं कोणी नेसतच नाई."

दुसरीनं नाही म्हटलं. तिसरीनं मान हलवली. अभ्रा हातोहात रुक्मामावशीपर्यंत गेला. रुक्मामावशी सत्तरीची, गावातली सगळ्यात मोठी. तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि तिची घागर हातातून सुटली. पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहत गेलं.

"बयनाचं लुगडं हे," ती म्हणाली.

बोरिंगचा दांडा हलायचा थांबला.

"बयनामाय तर भाचीकडं गेली ना, बेल्याले?" मनकर्णा म्हणाली.

"कोण सांगितलं तुले?"

"सगळेच म्हणून राह्यले होते."

"भाची मले माघात भेटली, बाजारहत्नूरच्या बाजारात," रुक्मामावशी म्हणाली. "तिनं मले इचारलं, मावशी कशी हाय म्हणून. मले वाटलं चेष्टा करून राह्यली. मी काही बोलली नाई." ती एकेकीकडं पाहू लागली. "मले सांगा, बयना कोणाच्या गाडीत आली?"

"मले वाटलं तुमच्या."

"आमच्या गाडीत कुठं जागा होती? मी समजली मनकर्णाच्या."

"आमी तर आदल्या दिवशीच निघालो होतो."

एकीचं बोट दुसरीकडं, दुसरीचं तिसरीकडं, असं फिरत फिरत शेवटी चंपाबाईच उरली. कुणी तिच्याकडं बोट केलं नव्हतं. सगळ्या फक्त पाहत होत्या. चंपाबाई ओल्या मातीत खाली बसली.

"मी म्हटलं होतं तिले," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, तू तयार राह्य, गाडी घेऊन येतो."

लुगडं तिनं ओळखलं नव्हतं असं नाही. तिला ते ओळखायचं नव्हतं.

बयनाबाईला ऐकू येत नसे. ना मूल, ना बाळ. गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर तिचं एका खोलीचं घर होतं. गोधडीचे थर अंथरायला दोन माणसं लागतात, आणि पंचवीस वर्षं दुसरं टोक बयनाबाईनंच धरलं होतं. तिला बोलवायचं तर हाक मारून उपयोग नसे. ओट्यावर हातानं दोनदा थापटायचं. तेवढ्यानं तिला कळायचं, पायांतून कळायचं म्हणे.

महसूल खात्याचा गिरदावर सांगून गेला होता की पाणी चढायला अजून पंधरा दिवस आहेत. पण वरच्या अंगाला पाऊस झाला आणि दोन दिवसांत पाणी वेशीशी आलं. आदल्या संध्याकाळी चंपाबाई ओढा ओलांडून गेली होती, खुणेनं सांगून आली होती. बयनाबाई हसली होती. तिनं बोचकं बांधायला घेतलं होतं. सकाळी एकच गोंधळ. दळणाचं जातं, पेटी, शेळ्या, नागोरावचा चढलेला आवाज. ओढ्याला कमरेएवढं पाणी. नागोरावनं विचारलं होतं, "झाले का सगळे?" आणि चंपाबाईनं म्हटलं होतं, "झाले."

माळाच्या वाटेवर, दोन कोस गेल्यावर तिला आठवलं. तोंडातून शब्द निघाला नाही. आणलं असेल कुणीतरी, असं तिनं मनाला सांगितलं. चार दिवसांनी कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, भाचीकडं गेली असंल. नंतर तेच वाक्य गावभर फिरून तिच्याच कानावर आलं, आणि ऐकताना तिला खरं वाटलं.

बोरिंगवरून ती घरी आली आणि नागोरावला म्हणाली, "गाडी जुंपा."

त्यानं कुठं म्हणून विचारलं नाही. जू उचलता उचलता एवढंच म्हणाला, "मले लुगडं त्याच दिवशी ओळखू आलं होतं."

रुक्मामावशी काठी टेकत आली नि न विचारता गाडीत चढून बसली. दुपार होता होता ते खाली उतरले. उन्हाळ्यानं पाणी मागं हटलं होतं आणि जुनी कोळझरी गाळातून वर आली होती. भिंती विरघळून गुडघ्याएवढ्या उरलेल्या. चिंचेची झाडं उभी वाळलेली, पाणी जिथवर चढलं होतं तिथवर पांढरी. जमीन भेगाळलेली. एक पाखरू नव्हतं. बैल ओढ्याशी थांबले ते पुढं जाईनात, म्हणून तिघं पायी गेली.

बयनाबाईच्या घराचा दगडी ओटा शाबूत होता. त्यावर बोटभर जाडीचा गाळ वाळून बसला होता. ओट्याच्या कडेला बोचकं होतं, गाठ मारलेलं, सरळ ठेवलेलं. आणि बोचक्याशेजारी एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा स्वच्छ होती. गाळाचा कण नव्हता. दगड झाडून-पुसून ठेवल्यासारखा काळा दिसत होता.

नागोराव घराभोवती फिरून आला. मोडक्या भिंतींमागं पाहिलं, विहिरीपर्यंत गेला. काही सापडलं नाही. हाड नाही, काही नाही.

चंपाबाईनं बोचक्याची गाठ सोडली. आत सगळ्यात वर ठेवलेलं धोतर बोट लावताच फाटलं. त्याखाली पितळी गडवा, लाकडी फणी, आणि घडी घातलेलं निळं लुगडं. ते तिनं उलगडलं. कापड गाळानं कुजलेलं, धागे सुटलेले. पण पदराशी सहा भोकं होती. चौकोनी, तळहाताएवढी. त्यांच्या कडा आत्ता कात्री फिरवल्यासारख्या सरळ होत्या, एकही धागा सुटलेला नव्हता. सातव्या चौकोनाच्या तीन बाजू कापलेल्या होत्या.

रुक्मामावशीनं डोळे मिटून घेतले.

"चाल चंपा," ती म्हणाली. "हे इथंच राहू दे. पाणी येईल, घेऊन जाईल."

"नाई मावशी. एकदा ठेवलंच ना इथं."

चंपाबाईनं लुगडं घडी घालून बोचक्यात ठेवलं. गाठ मारली. मग त्या स्वच्छ जागेसमोर उकिडवी बसली आणि ओट्यावर हातानं दोनदा थापटलं.

"माय," ती म्हणाली, ऐकू येणार नाही हे ठाऊक असून मोठ्यानं म्हणाली, "गाडी आली. उशीर झाला मले. चाल."

काही झालं नाही. वारासुद्धा हलला नाही. बोचकं काखेत घेऊन ती ओढ्याकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही तिनं. रुक्मामावशीनंही नाही. वाळलेल्या गाळाचा पापुद्रा पायाखाली मोडतो तसा कर्रकर्र आवाज तिघांच्या पावलांचा येत होता. नागोराव चालता चालता मध्येच थांबला. दोघी बाया पण थांबल्या. आवाज आणखी चार पावलं आला, मग थांबला.

तिघं ओढा ओलांडून गाडीशी आली.

गाडीत आधी रुक्मामावशी चढली, मग चंपाबाई. नागोराव धुरेवर बसला आणि कासरा हातात घेतला, तोच गाडी मागच्या अंगानं दबली. बैलांच्या माना जुवासकट वर उचलल्या गेल्या. चंपाबाई सरकली. रुक्मामावशी दुसऱ्या बाजूला सरकली. मध्ये एक जागा झाली. सबंध वाट, चढावर बैल धापा टाकत होते, आणि नागोरावनं एकदाही त्यांच्यावर चाबूक उचलला नाही.

दिवस मावळायच्या आत ते माळावर पोचले. बाया दारादारांत उभ्या होत्या. गाडी रुक्मामावशीच्या घराशी थांबली, ती उतरली, गाडी दबलेलीच राहिली. मनकर्णेच्या दारावरून गेली. मनकर्णेनं पदर तोंडाशी नेला, पण दार लावलं नाही. चंपाबाईच्या घरासमोर नागोरावनं बैल थांबवले. चंपाबाई आधी उतरली आणि वर पाहून हात पुढं केला, म्हाताऱ्या माणसाला उतरवताना करतात तसा. गाडीची मागची बाजू हलकेच वर आली. बैलांनी माना खाली घातल्या.

दोरसानीला चंपाबाईनं निरोप धाडला की तिचं सामान दुसऱ्या कापडांचं करावं लागेल, पावसाळ्यानंतर मिळेल. आधीची गोधडी तिनं आतल्या खोलीत अंथरली. उशांना अभ्रे घातले, दाराला पडदा लावला. वळचणीतला तुकडा त्या दिवसापासून तिथं नव्हता. निळी ठिगळं तिनं हात लावून पाहिली तर सगळी कोरडी होती, दिवसभर कुणीतरी अंगावर घेतलेल्या कापडासारखी ऊबदार.

नागोरावनं दारातून एकदा आत पाहिलं. मग आत जाऊन खुंटीवरचं आपलं घोंगडं काढलं, आपली उशी उचलली, आणि ओसरीत बाज टाकली. त्या खोलीत तो पुन्हा कधी झोपायला गेला नाही, आणि काऊन म्हणून त्याला चंपाबाईनंही कधी विचारलं नाही.