पडद्यावरचे हरवलेले आकडे

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे असं म्हटलं तर तुम्हाला हसू येईल, कारण माझं वय अवघं चार वर्षांचं आहे. पण माझ्या दोन हातांना चिकटपट्ट्या आहेत आणि पहिल्या दिवशीचा एकही पंखा आता माझ्या अंगावर नाही. ड्रोनसाठी हे म्हातारपणच.

मी कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. वडनेर भोलजीच्या हर्षलने एकेक भाग मागवून मला घरी जोडलं. तो वांगी-टोमॅटो पिकवणारा तरुण शेतकरी. दुपारी वावरातून आला की जेवण आटोपून तो माझ्यापाशी बसे. असे तीन महिने गेले, तेव्हा कुठे मी जमीन सोडली.

माझ्या कपाळावर एक छोटा कॅमेरा आहे. हर्षल डोळ्यांवर मोठा चष्मा चढवतो आणि मी जे पाहतो तेच त्याला त्या चष्म्यात दिसतं. चित्राच्या कोपऱ्यात काही आकडे उमटतात. बॅटरी किती उरली, किती मिनिटं झाली, मी किती उंच आहे. बॅटरीचा आकडा, म्हणजे व्होल्ट, सोळाच्या वर असला म्हणजे माझं पोट भरलेलं. तो चौदाच्या खाली गेला की मला परत फिरलंच पाहिजे. माझा दम फार तर पाच-सहा मिनिटांचा.

माझं काम होतं रोही, म्हणजे नीलगाई, हाकलण्याचं. हिवाळ्यात हरभरा हिरवागार झाला की पहाटे रोह्यांचा कळप वावरात उतरतो आणि पाहता पाहता पट्टाच्या पट्टा साफ करतो. शेजारच्या रुक्मिणीबाई रोज डबा वाजवून वाजवून थकून जायच्या. मी गांधीलमाश्यांसारखा आवाज करत कळपाच्या मागे लागायचो. कोणाला न दुखवता त्यांना नाल्यापलीकडे पोचवायचो. रुक्मिणीबाई म्हणायच्या, "हा माह्या वावराचा राखणदार हाये." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी एका बाभळीवर आदळलो आणि माझा कॅमेरा फुटला. हर्षलने घाईघाईने नवा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चष्मा लावला. चित्र पूर्वीपेक्षाही स्वच्छ होतं, पण कोपरे रिकामे होते. एकही आकडा नव्हता. समोर कळप हरभऱ्यात शिरलेला. हर्षलने अंदाजानेच मला उडवलं.

अंदाज चुकला. परत येताना माझी बॅटरी संपली आणि मी दगडासारखा खाली आलो. खाली रुक्मिणीबाई वाकून निंदण करत होत्या. त्यांच्यापासून दोन हातांवर मी पडलो. माझा एक पंखा तुटून त्यांच्या लुगड्यात रुतला. हर्षल धापा टाकत पोचला तेव्हा त्या पदराचं भोक बोटाने चाचपत होत्या.

"हर्षल, आकडे दिसत नव्हते तं उडवला काऊन?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

हर्षलने मला मातीतून उचललं. "आता नीट झाल्याबिगर नाही उडवत, काकू," एवढंच तो म्हणाला.

मग आठ दिवस तो माझ्यामागे लागला होता. लॅपटॉपला जोडून त्याने सगळ्या सेटिंग तपासल्या. तिथे प्रत्येक आकडा चालू होता. आकडे ज्या अक्षरांत उमटतात, त्यांचा साचा पुन्हा भरला. शहरातल्या एका दुकानदाराने फोनवरच सांगितलं, अख्खा सर्किट बोर्ड बदला. हर्षल कंटाळला. त्याने मला फळीवर ठेवलं. माझ्या हातांमध्ये कोळ्याने जाळं विणलं, आणि तिकडे रोह्यांनी रुक्मिणीबाईंच्या हरभऱ्याचा एक कोपरा खाऊन टाकला.

तरी मला घराबाहेर काढलं ते रुक्मिणीबाईंनीच. "पिंपळगाव राजाच्या जयमालाकडे जाय," त्या म्हणाल्या. "तिनं माहा टीव्ही तीन डाव जिता केला."

जयमालाबाई साठीच्या. गावात टीव्ही आले तेव्हापासून त्या टीव्ही दुरुस्त करतात. आता दुकानात मिक्सर आणि पंखेच जास्त येतात, पण जुन्या फुगीर काचेचा एक टीव्ही त्यांनी अजून चालू ठेवला आहे. मला पाहून त्या बुजल्या नाहीत. त्यांनी मला उलटसुलट केलं आणि हर्षलला विचारलं, "चित्र येते?"

"येते, मावशी. एकदम साफ."

"मंग त्याच्यावर आकडे कोन लिहिते?"

हर्षलने माझ्या पोटातल्या बोर्डवरच्या एका चिपकडे बोट दाखवलं.

"अन् चित्र तिच्याजवळ जाते का?"

हर्षल वाकून पाहू लागला. आठ दिवसांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. जयमालाबाईंनी भिंग घेतलं आणि कॅमेऱ्याच्या पिवळ्या वायरवरून सुईचं टोक हळूहळू सरकवत नेलं. वायर बोर्डला वळसा घालून थेट चित्र पाठवणाऱ्या डबीवर गेली होती. कॅमेरा बदलताना हर्षलनेच ती तशी जोडली होती.

"पाटी लेकराजवळ गेलीच नाही, तं ते लिहीन कायच्यावर?" त्या म्हणाल्या. "आवाज वाढवला का टीव्हीवर हिरवी रेघ येते ना? तेबी चित्रावर आतच लिहिलं जाते. ते रेघ गेली का मी पह्यले हेच पाहतो."

त्यांनी कॅमेऱ्याची वायर बोर्डच्या आत येणाऱ्या टोकावर जोडली आणि बाहेर जाणाऱ्या टोकावरून दुसरी वायर डबीला दिली. त्यांचा हात जराही हलत नव्हता. मग हर्षलने माझे पंखे काढले, बॅटरी लावली, आणि चित्र पकडणारा त्याचा जास्तीचा रिसीव्हर त्यांच्या फुगीर टीव्हीला जोडला. पडद्यावर आधी दुकानाचं दार आलं, आणि मग कोपऱ्यात सोळा पूर्णांक चार.

हर्षलने डोळे पुसले. जयमालाबाई त्या आकड्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "एवढुसा जीव, अन् आपला दम सोताच सांगते," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी एका जुन्या गाडीतला, मागचं दाखवणारा छोटा पडदा काढून त्या रिसीव्हरला जोडून दिला. "तू समोर पाहत राह्यशीन. आकडा खाली बसून दुसऱ्या कोनी पाह्यला पाह्यजे."

आता पहाटे रुक्मिणीबाई तो पडदा मांडीवर घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसतात. बॅटरी म्हणजे काय, व्होल्ट म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. चौदा मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. काल कळप नाल्यापाशी पोचला होता आणि हर्षलला आणखी थोडं पुढे जायचं होतं. तेवढ्यात त्याच्या मागून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "हर्षल, आन त्याले मांगं. थकला तो."

हर्षलने मला लगेच वळवलं.

मित्रांनो, मला हात आहेत, डोळा आहे, पण तोंड नाही. ते कोपऱ्यातले आकडे हेच माझं बोलणं. तुमच्या घरातलं एखादं यंत्र असं बोलायचं थांबलं, तर ते तसंच दामटू नका आणि टाकूनही देऊ नका. जिने आयुष्यभर वायरींचा माग काढला आहे अशी एखादी मावशी तुमच्या गावातही असेल. माझ्यासारख्याला एकदा तिच्यासमोर ठेवून पाहा.