मानाची खाट

सरकारी दरबारात खुर्च्या मांडायचं काम माझं. लोकांना वाटतं त्याला अक्कल लागत नाही. एकदा त्यांनी दीडशे खुर्च्या मांडून बघाव्यात आणि त्यांवर बसणाऱ्या दीडशे लोकांची तोंडंही बघावीत.

चौथऱ्यावर लाटसाहेबांचं आसन. त्याच्या उजव्या हाताला पहिली खुर्ची, मग दुसरी, मग तिसरी, असं उतरत उतरत थेट दारापर्यंत. आसनाच्या जितकं जवळ तितका मान मोठा. कौन्सिलातले साहेब, हायकोर्टाचे जज्ज, संस्थानिक, मग रावबहादूर आणि खानबहादूर, शेवटी रावसाहेब. यादी कारकून लिहितो, पण यादी काही खुर्च्या उचलत नाही. बावीस वर्षं मी सरकारात फरास आहे, गुणाजी म्हटलं की सगळे ओळखतात, आणि बावीस वर्षांत माझी एक खुर्ची चुकली नाही.

आमची खोली ठाकूरद्वारच्या एका वाडीत. मूलबाळ नाही, मी आणि बायको शेवंती. दरबार उरकून घरी आलो की ती भाकरी थापता थापता विचारायची, आज कोण कोणाच्या वर बसला? मी सांगायचो आणि ती पोट धरून हसायची. स्वतः मात्र मी जेवून उठल्यावर उंबऱ्याशी बसून जेवायची. पाट पुढे केला तर पायाने मागे सारायची. "नको. मी हंयच बरी आसंय," हे तिचं ठरलेलं.

एकदा म्हणाली, "अवो, तुमच्या दरबारात बायकांका खुर्ची नसता काय?"

"मडमांना असते. तुला कोण बोलावतंय?" मी म्हणालो.

ती हसली, मीही हसलो. आता ते बोलणं आठवलं की स्वतःची लाज वाटते.

अठ्ठ्याण्णव सालच्या शिमग्याच्या सुमाराला प्लेगाने दुसऱ्यांदा मुंबई धरली. शेवंतीच्या काखेत गाठ आली. तपासणीवाले आले आणि तिला डोलीत घालून घेऊन गेले. वाडीतली दारं पटापट लागली. मी कोणाला बोल लावत नाही. आदल्या महिन्यात शेजारची डोली निघाली तेव्हा मीही माझं दार लावलं होतं.

परळच्या पुढे, शिवडीच्या वाटेवर, एका जुन्या सरकारी बंगल्यात तात्पुरतं इस्पितळ काढलं होतं. भायखळ्यापर्यंत ट्राम, पुढे पायी. दुपारी एक तास भेटायला सोडत. पहिल्या दिवशी आत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. हा दिवाणखाना माझ्या ओळखीचा होता. मी नवा नोकरीला लागलो तेव्हा इथे लहानसहान दरबार भरायचे, आणि आयुष्यातली पहिली खुर्ची मी इथेच मांडली होती. चौथरा तसाच होता, खिडक्यांच्या रंगीत काचाही तशाच. खुर्च्यांच्या जागी तेवढ्या खाटा आल्या होत्या, दोन्ही बाजूंना ओळीने. भिंतीवर खडूने घातलेले आकडेही चौथऱ्यापासूनच सुरू होत होते.

शेवंती नवव्या खाटेवर होती. रोग्यांना पेज पाजायला राधाबाई म्हणून एक वयस्क बाई होती. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ फुटली, ताप उतरतोय. आठ दिवस पेज पोटात राहिली की उठेल बघ तुझी बायको. पण छाती फार नाजूक झालीय. तिच्या मनाला काही लावून घेऊ देऊ नकोस."

मी रोज जायचो. चौथ्या दिवशी शेवंतीने वाटीभर पेज संपवली आणि वर लिंबाची फोड मागितली. मी मनात देवाला नारळ बोललो.

पाचव्या दिवशी सकाळी रावबहादूर गंगाधरपंत कचेरीत आले. परवा मलबार हिलवर खिताब वाटण्याचा दरबार होता आणि यादीत रावबहादुरांमध्ये त्यांची खुर्ची नववी होती. कारकुनाने हात झटकले, तेव्हा ते माझ्यामागे लागले. पाचवी द्या, निदान सातवी तरी. म्हणे व्याह्यांसमोर नाक कापलं जाईल. शहरात तिरडीला बांबू मिळेनात आणि ह्यांना खुर्ची वर सरकवून हवी! मी म्हणालो, "पंत, वरचा कोणी हलल्याशिवाय खालचा वर जात नाही." मनात मात्र भलतंसलतं बोललो.

त्याच दुपारी इस्पितळात गेलो. सगळ्या खाटा भरलेल्या, फक्त पहिली रिकामी. चौथऱ्याच्या उजव्या हाताची, खिडकीखालची. तिच्यावर काचेतून हिरवा तांबडा उजेड पडला होता. माझ्या डोळ्यांपुढून ती हलेना. तिथे मी स्वतःच्या हाताने राजेलोकांना खुर्च्या दिल्या होत्या, आणि माझी बायको नवव्या नंबरवर! जन्मभर उंबऱ्याशी बसली. एकदा तरी तिला वर बसवावं असं मला वाटलं. सकाळी पंतांना हसलो होतो, तोच मी.

राधाबाई मागे जेवायला गेली होती. मी शेवंतीच्या पाठीखाली हात घातला. तिने खाटेची कड घट्ट धरली.

"नको. मी हंयच बरी आसंय."

या वाक्याची मला वीस वर्षांची सवय. मान दिला की ती हेच म्हणायची. मी हसून तिची बोटं सोडवू लागलो.

"कोणी सांगल्यान?" तिने विचारलं.

"मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे," मी म्हणालो. कोणी हटकलं तर तिने घाबरू नये म्हणून म्हणालो. आणि साहेबाने आपल्याला वर बोलावलं, याचं तिला अप्रूप वाटावं म्हणूनही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपण होऊन कड सोडली. मी तिला उचललं, तर दरबारातल्या एका खुर्चीएवढंही तिचं वजन नव्हतं. ओळीतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. एकीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जळतायत.

"शेवंते, ही पहिली खुर्ची गो," मी तिला निजवत म्हणालो. "सगळ्यात मानाची. इथे संस्थानिक बसलेत."

"खरां?" ती म्हणाली आणि हसली. "म्हणजे मी मोठी झालंय."

मग तिने मला फडताळातल्या आंबोशीला ऊन दाखवायला सांगितलं. चौकटीचं लुगडं गावी बहिणीला पाठवायला सांगितलं. वाडीतल्या विहिरीवर कळशी राहिली आहे, ती आणायला सांगितलं. तापात माणूस असंच बोलतं म्हणून मी हो हो करत होतो. दोन दिवस दरबाराची धावपळ आहे, तेरवा येतो, असं तिला सांगितलं.

"या," ती म्हणाली. "सावकाश या."

दरबार थाटात झाला. गंगाधरपंतांच्या वरचे दोघे प्लेगाने गेले होते, दोघे पनवेलला पळाले होते. यादी सरकली आणि पंत न मागता पाचव्या खुर्चीवर आले. त्यांनी आनंदाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मीही म्हणालो, "पंत, आमच्या घरातही वरची जागा मिळालीय." पण ते व्याह्यांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात गेलो तर पहिल्या खाटेवर एक म्हातारी होती. नववीवर एक पोरगी होती. मी दोन्ही ओळी नीट मोजल्या, जशा दरबाराआधी मोजतो. राधाबाईने मला हाताला धरून बाहेर पडवीत नेलं.

"पहाटे गेली," ती म्हणाली.

मला रडू आलं नाही. पडवीतल्या फरशीचा एक कोपरा उडाला होता, तो मी बघत राहिलो.

"मला कळतच नाही," राधाबाई म्हणाली. "चांगला उतार पडलेली बाई. जेवून आले तर पहिल्या खाटेवर. अरे, ज्यांची आशा सोडली त्यांना चौथऱ्याकडे ठेवतात. तिकडच्या मागच्या दाराने न्यायला सोपं पडतं. पहिली खाट म्हणजे आजचं माणूस. हे इथल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

"तिलाही?"

"तिलाही. इतके दिवस बघत होती ना ती. मी विचारलं, तुला इथे कोणी आणलं? तर म्हणाली, मोठ्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम. आता मोठ्या साहेबाला जाब विचारायची माझी पायरी आहे का, बाबा? मी गप्प बसले. पेज घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करायची. आता कशाक ती, म्हणायची. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. तेवढ्यानेच छाती बसली."

मी खाली बसलो. राधाबाईही शेजारी बसली.

"तुझ्यासाठी निरोप नाही," ती म्हणाली. "उलट तुला सांगू नको म्हणाली होती. पण माझ्याने राहवत नाही. म्हणाली, माझा घरधनी फार साधा. माझं आता काही खरं नाही हे त्याला साहेबाने सांगितलं, आणि तो मला मानाची खुर्ची म्हणून खोटंच समजावत होता. मी खरं धरून हसले. त्याला तसंच वाटू दे."

आत कोणीतरी पाणी मागत होतं. राधाबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"पण खरंच रे, तिला तिकडे हलवली कोणी?"

"मी."

तिला ते समजलं नाही. "तू? का रे बाबा?"

"पहिली जागा रिकामी होती," मी म्हणालो.