वेणीची मिशी

मी मिशी बोलतेय. उगवलेली नाही, चिकटवलेली. म्हणून लगेच नाक मुरडू नका. वर्षभर मी अस्सल मिशीचं काम बिनबोभाट केलंय, आणि तेही एका मुलीच्या ओठावर.

माझा जन्म तिच्याच वेणीतून झाला. तिचे वडील न्हावी. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी आपला वस्तरा लेकीला दिला. पण चौकातल्या मोठ्या दुकानाचे मालक एक नंबरचे हट्टी. पुरुषाच्या दाढीला पुरुषाचाच हात हवा, असा त्यांचा हेका. मग काय, पोरीने वेणी कापली. तिची मावशी नाटकवाल्यांना केसांचे टोप करून द्यायची. तिने त्याच केसांतून मला घडवलं आणि डिंक लावताना बजावलं, "शिंकू नकोस म्हणजे झालं."

दुकानात तिला सगळे बारक्या म्हणत. बारक्याचा हात इतका हलका, की मालक स्वतःची दाढी दुसऱ्या कोणाला करू देईनात. मी तर मानाने फुगले होते.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की टीव्हीवर एक जुनी कोरियन मालिका लागायची. तिच्यात एक मुलगी मुलाच्या वेशात कामाला राहते, आणि नायक तिच्या प्रेमात पडून स्वतःवरच वैतागतो. सगळं दुकान त्या नायकाला नावं ठेवायचं. एवढी ढळढळीत मुलगी समोर आणि या शहाण्याला दिसत नाही, असं मालक तावातावाने म्हणायचे, तेही बारक्याच्या खांद्यावर हात टाकून! हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

शेजारच्या खुर्चीवरचा कारागीर, कुरळ्या, तेवढा गप्प असायचा. तो टीव्हीकडे कमी आणि आरशातून आमच्याकडे जास्त बघायचा. मग माझ्याखालचे ओठ लाजायचे. आता मिशीखाली लाजणं बरं दिसतं का?

शनिवारी दुकान बंद करण्याआधी कारागिरांनी एकमेकांची दाढी करायची, ही तिथली रीत. बारक्याची पाळी आली की कुरळ्या पुढे व्हायचा. मला जपून तिच्या गुळगुळीत गालांना फेस फासायचा, वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवायचा आणि हूं की चूं करायचा नाही. पोरीला वाटे, याला काही कळलंच नाही. प्रेमात माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

एका शनिवारी मावशीचा डिंक संपला होता. पोरीने मला पाकिटाच्या गोंदाने चिकटवलं. संध्याकाळी ती मालकांची दाढी करायला उभी राहिली. गरम टॉवेलची वाफ माझ्यावर आली, गोंद सुटला, आणि अर्धी दाढी झालेली असताना मी थेट मालकांच्या फेसाळलेल्या गालावर जाऊन पडले.

मालकांनी आरशात आधी मला पाहिलं, मग तिला. काम गेलं, वडिलांचा वस्तरा पुन्हा पेटीत गेला, एवढंच तिच्या मनात आलं असणार.

"थांबू नकोस," मालक म्हणाले. "अर्ध्या दाढीने मी घरी जायचो नाही."

तिने दाढी पुरी केली. कुठे साधा ओरखडाही नाही. मालकांनी गालावरून हात फिरवला, मला चिमटीत धरलं आणि हात तर कालचाच आहे, असं पुटपुटले. मग कुरळ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"वर्षभरात मिशी तसूभर वाढली नाही, मालक. न्हाव्याला एवढं कळणारच की."

मालकही न्हावीच. आधी ते ओशाळले, मग असे हसले की खुर्ची करकरली. "म्हणजे टीव्हीतला शहाणा मीच! उद्या वेळेवर ये, पोरी. मिशी घरी ठेव."

पण तिने मला घरी ठेवलं नाही. आता मी दुकानातल्या तिच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटलेय, मावशीच्याच डिंकाने. तिची वेणी पुन्हा पाठीवर आली आहे; धाकटी बहीणच माझी. कुरळ्याशी तिचं लग्न झालं, तेव्हा एका फोटोत मीही होते, नवरीच्या ओठावर.

तुम्ही कधी त्या दुकानात आलात, तर आरसा पुसणाऱ्याला सांगा, मला खरवडू नकोस. शनिवारी सगळे गेले की कुरळ्या अजूनही बायकोच्या गालांना फेस फासतो. वस्तरा मात्र उघडतसुद्धा नाही. तेवढा वेळ मी भिंतीकडे बघते. खोटी असले म्हणून काय झालं, मलाही लाज आहे.